विश्लेषण : घरात राहणाऱ्या मावशीने मुलांना रागवायचे की नाही?

आई-वडील दोघे कामावर आणि मूल दिवसभर घरात राहणाऱ्या मावशीच्या ताब्यात. मूल ऐकेनासे झाले की त्याला आवरायचे कोणी? 'तुम्ही फक्त सांभाळा, रागवायचे ते आम्ही बघू' असे कामावर ठेवतानाच सांगणारी घरे बरीच आहेत. ऐकायला हे समंजस वाटते, पण प्रत्यक्षात ते पाळता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला दहा तास सांभाळायचे आणि एकदाही 'नाही' म्हणायचे नाही, हे आईलाही जमणार नाही.

तामलवाडीचा याच्याशी काय संबंध?

हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला प्रश्न वाटेल. पण तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावांचा त्याच्याशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. मराठवाड्यातल्या बायका मोठ्या शहरांत 'चोवीस तासांच्या' कामाला जातात, त्या या पट्ट्यातूनही जातात. त्यांची स्वतःची मुले गावात आजीजवळ राहतात. दुसरीकडे, सोलापूर किंवा तुळजापूरला रोज ये-जा करणारी नोकरदार जोडपीही अशा गावांत असतात. सासू-सासरे थकले किंवा शेतावर राहिले, की मूल सांभाळायला ओळखीतली एखादी एकटी बाई घरात राहायला आणली जाते. पगार ठरतो, जेवण-कपडा ठरतो. मुलाने हट्ट केला तर काय करायचे, हे मात्र कोणी ठरवत नाही.

'पूर्वी गल्लीतला कोणीही कान पिळायचा'

हे आपण सारखे ऐकतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. चुलता, आत्या, शेजारची आजी, कोणीही रागवत असे. एकच माणूस त्यातून वगळलेला होता, तो म्हणजे घरचा सालगडी. तो मालकाच्या पोराला खांद्यावर बसवून रानात न्यायचा, विहिरीच्या काठावरून ओढून आणायचा, पण त्याच्यावर हात उगारायचा नाही. 'मालकांना सांगीन बरं का,' एवढेच त्याच्या हातात होते. म्हणजे रागवण्याचा हक्क मूल सांभाळण्यातून येत नव्हता, तो नात्यातून आणि मानातून येत होता. आजच्या मावशीला आपण नाव नात्याचे दिले आहे आणि हक्क सालगड्याचे. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे.

'संध्याकाळी बाबांना सांगते' का चालत नाही?

समजा, दुपारी मुलाने चिडून ताट फेकले. मावशीने ते मुकाट्याने उचलले आणि संध्याकाळी सात वाजता गाऱ्हाणे सांगितले. वडील दमून आलेले असतात. एक तर ते 'जाऊ द्या, लहान आहे' म्हणतात, नाही तर एक धपाटा घालतात. मुलाला या धपाट्याचा दुपारच्या ताटाशी काहीच संबंध लागत नाही. त्याला एवढेच कळते, की मावशीने चुगली केली. दुसऱ्या दिवशी मावशीचे ऐकण्याचे आणखी एक कारण कमी होते.

म्हणून लहान मुलाच्या बाबतीत जी चूक जिथे झाली, ती तिथेच मिटवण्याचा अधिकार हजर असलेल्या माणसाकडे हवा. मोबाइल काढून घेणे, टीव्ही बंद करणे, जेवणाआधी बिस्किटाचा पुडा न देणे, सांडलेले मुलाकडूनच पुसून घेणे, यासाठी मावशीला फोन करून परवानगी मागावी लागू नये. रस्ता, गॅस, विजेचे बटण आणि पाण्याची टाकी यांच्या बाबतीत तर तिने मोठ्याने ओरडले तरी चालेल, असे मुलासमोर सांगून ठेवावे. गावाजवळून चौपदरी महामार्ग जातो. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. अशा दिवशी रस्त्याकडे धावलेल्या मुलाला मावशीने दंड धरून ओढले, तर त्याचा खुलासा तिच्याकडे मागायचा नसतो.

बाकी नियम कोणते, कशाला किती सूट, अभ्यास किती आणि मोबाइल किती वेळ, हे ठरवणे आई-वडिलांचे काम. ते मावशीवर ढकलता येणार नाही.

मारायला परवानगी देता येते का?

'हवं तर दोन लगावा, आमची काही हरकत नाही,' असेही काही घरांत मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. हा विश्वास मावशीला महागात पडू शकतो.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या २७व्या कलमात, बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने किंवा पालकाच्या संमतीने सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच ८९वे कलम होते. 'मुलाला शिस्त लावण्याचा हक्क' म्हणतात, त्याचा आधार बऱ्याचदा इथे शोधला जातो. पण हे संरक्षण बिनशर्त नाही. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ चे ७५वे कलम आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे, त्याने मुलाला मारहाण केली, त्याची हेळसांड केली आणि त्यातून त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल अशी वेळ आणली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'ज्याच्या ताब्यात' यात आई-बापही येतात आणि मावशीही.

कागदावर दोघे सारखे असले, तरी वडिलांनी मारलेली थप्पड घरातच राहते आणि मावशीने मारलेली थप्पड पोलिस ठाण्यापर्यंत जाऊ शकते. तोंडी परवानगी दिली होती, हे तेव्हा कोणाला आठवत नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. प्रशिक्षित शिक्षकाला जे करायला मनाई आहे, ते मावशीकडून करून घेण्यात काही अर्थ नाही. मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे, 'पोलिस घेऊन जाईल' म्हणून घाबरवणे या गोष्टी तिच्यासाठी बंद असाव्यात, आणि त्याच घरात आई-वडिलांसाठीही बंद असाव्यात. वडील मारतात हे मूल पाहत असेल, तर न मारणाऱ्या मावशीला ते दुबळी समजते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 'मुलाला खेळवायला' म्हणून चौदा वर्षांखालची मुलगी घरात ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तिथे शिस्त कोणी लावायची हा प्रश्नच नाही, तिला शाळेत पाठवायचे आहे.

कॅमेऱ्याने प्रश्न सुटतो का?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केल्याचे सीसीटीव्हीतून उघड झाले आणि राज्यभरातले आई-बाप हादरले. ती भीती खोटी नव्हती. बोलता न येणाऱ्या बाळासाठी कॅमेरा असण्यात गैर काही नाही. मात्र तो बसवला आहे हे मावशीला माहीत असले पाहिजे. मूल अचानक एखाद्या माणसाला बिचकू लागले, अंगावर वळ दिसले, तर आधी मुलाला जवळ घ्यावे, चौकशी करावी आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करावा.

पण कॅमेऱ्याचा दुसराही वापर सुरू झाला आहे. आई ऑफिसातून मोबाइलवर पाहते आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बोलते, 'मावशी, द्या त्याला चॉकलेट, रडवू नका.' मावशीने पाच मिनिटे टिकवलेले 'नाही' एका वाक्यात संपते. मुलाला समजते, की खरी मालकीण भिंतीवर आहे आणि मोठ्याने रडले की ती बोलते. मावशीचे चुकले असे वाटले, तर रात्री मूल झोपल्यावर सांगावे. मुलासमोर तिची बाजू घ्यावी, अगदी निर्णय थोडा चुकीचा असला तरी.

मुलानेच मावशीचा अपमान केला तर?

बाकी सगळी शिस्त वाटून घेता येते, ही मात्र वाटून घेता येत नाही. इथे फक्त आई-वडिलांनीच बोलले पाहिजे. आपल्याकडे मावशीला 'अगं' म्हणणे हा अपमान नाही, सख्ख्या मावशीलाही आपण तसेच बोलतो. पण 'अगं मावशी, पाणी दे ना' आणि 'ए, पाणी आण' यांतला फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो, कारण ते घरातल्यांचे ऐकूनच शिकलेले असते. 'तू आमच्याकडे कामाला आहेस' असे मूल एकदा म्हणाले, की मावशीकडे त्याला उत्तर नसते. तिचा पगार त्याच घरातून येतो. ती हसून सोडून देते आणि मोठ्यांना वाटते, तिला काही वाटले नाही. त्या वेळी आई-वडिलांनी हातातले काम ठेवून मुलाला थांबवले नाही, तर मोबाइल काढून घेण्याचा अधिकार तिला देऊन काही उपयोग नाही.

ती कुठे जेवते, कोणत्या ताटात जेवते, हेही मूल पाहत असतेच.

मावशीच्या मुलांना कोण रागवते?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. त्याखाली नोंदणी आणि काही लाभांची सोय आहे. पण घरात राहणाऱ्या बाईची सुट्टी, झोपेची वेळ, मुलांवरचा अधिकार या गोष्टी आजही मालकिणीच्या स्वभावावर चालतात. देशपातळीवर घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितले.

दुसऱ्याच्या मुलाला दिवसभर वळण लावणारी ही बाई रात्री नऊला गावी फोन लावते. मुलगा शाळेत गेला नाही, आजीला उलट बोलला, असे कळते. ती फोनवरून रागावते, तो 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवतो. आजी मऊ पडते, कारण आई जवळ नसलेल्या लेकराला कसे मारायचे? त्याला आवरायला जवळ कोणीच उरत नाही, आणि याची दखल पगार ठरवताना कोणी घेत नाही.

निदान सुट्टीचे तरी लिहून ठरवता येईल. आठवड्याची एक हक्काची रजा आणि महिन्यातून एकदा दोन दिवस सलग, म्हणजे गावी जाऊन येता येते. मुलाच्या शाळेत शनिवारी पालकांची बैठक असेल, तर शुक्रवारी संध्याकाळची एसटी तिला मिळाली पाहिजे. त्या दिवशी आपल्या मुलाला कोण सांभाळणार याची सोय आपण करायची.