बंदी नव्हे, तपासणी हवी

जुन्या टर्बो मोटारीला घरच्या घरी इंटरकूलर बसविणे हा युरोप-अमेरिकेतील हौशी मोटारधारकांचा गेल्या चाळीस वर्षांचा जुना छंद आहे. आमच्याकडील यंत्रवेड्या तरुणांनाही तो खुणावू लागला आहे. मात्र येथे त्यांच्या वाटेत कायदा आडवा येतो. केवळ आडवे येऊन कायद्याचे कर्तव्य संपते काय, हा आमचा प्रश्न आहे.

इंटरकूलरचे काम समजण्यास फार मोठ्या विद्येची गरज नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. टर्बोचार्जर इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात लोटतो. ती हवाही तशीच तापते. ३० अंशांची हवा दीडपट दाबाखाली आली, की तिचे तापमान सहज ८५ अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा विरळ होते आणि दाबून मिळविलेल्यातील काही भाग तेथेच वाया जातो. इंटरकूलर म्हणजे या हवेसाठी वाटेत ठेवलेला रेडिएटर. त्याने हवा ४५-५० अंशांपर्यंत खाली आणली, तर तेवढ्याच दाबात सुमारे दहा टक्के अधिक हवा सिलिंडरात शिरते. विशेष म्हणजे थंड हवेमुळे इंजिनावरील ताणही हलका होतो.

स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीची २४० टर्बो ही याची बोलकी साक्ष आहे. अमेरिकेत ती प्रथम विकली गेली तेव्हा तिला इंटरकूलर नव्हता आणि तिच्या २.१ लिटरच्या इंजिनाची शक्ती १२७ अश्वशक्ती होती. पुढे कंपनीनेच जुन्या गाड्यांवर बसविता येईल असा इंटरकूलरचा संच विक्रीस काढला आणि १९८४ मध्ये कारखान्यातूनच इंटरकूलरसह निघालेल्या गाडीची शक्ती १६२ वर गेली. १९८५ साली याच जातीच्या गाडीने युरोपियन टुरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. परंतु हा सारा लाभ एकट्या इंटरकूलरचा नव्हे. कंपनीने टर्बोचा दाबही वाढविला होता आणि त्याला पेलेल अशी इंजिनाची जुळणी केली होती. हौशी माणूस नेमके हेच विसरतो.

भंगारातून मिळालेला इंटरकूलर, चार नळ्या आणि क्लिपा एवढ्यावर भागत नाही. ज्या गाडीचा टर्बो फुटला तिचा इंटरकूलर घेतला, तर त्यात तेल आणि धातूचा कीस अडकलेला असतो. तो आपल्या इंजिनात गेला, की नवे दुखणे सुरू होते. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरच्या वाट्याची हवा घटते. आमच्या किनारपट्टीच्या उकाड्यात ही गोष्ट किरकोळ नाही. पेट्रोल इंजिनात हवा वाढली आणि त्या मानाने पेट्रोल वाढले नाही, तर सिलिंडरात अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनला भोक पडते. डिझेलचा मोह याच्या उलट आहे. हवा वाढली म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवायचे, आणि मग मागून येणाऱ्याने काळा धूर गिळायचा! शक्ती वाढविलेल्या गाडीचे ब्रेक मात्र जुनेच राहतात, हे वेगळे सांगावयास नको. तापमापक आणि दाबमापक न लावता हा उद्योग करणे म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठावर चालणे होय.

म्हणूनच कायद्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूस सारून हे कलम कठोरपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही ठरविली. सीएनजी वा बॅटरीवर गाडी चालविण्यासाठी संच बसवू पाहणाऱ्यास याच कलमात वाट ठेवली आहे. मग काळजीपूर्वक इंटरकूलर बसवू पाहणाऱ्यास ती का नसावी?

बंदीने उद्योग थांबत नाही, तो आडोशाला जातो. आडोशाला गेलेल्या कामाचा दाब कोणी मोजत नाही, धूर कोणी तपासत नाही आणि अपघात झाल्यावर विम्याचे काय, हे कोणी विचारीत नाही. जर्मनीत असा बदल मान्यताप्राप्त तपासनिसापुढे नेऊन गाडीच्या कागदांत नोंदवून घेता येतो. धुराच्या बाबतीत अत्यंत कडक असलेले कॅलिफोर्निया राज्यही चाचणीत उतरलेल्या सुट्या भागांना क्रमांक देऊन परवानगी देते. तेथील रस्ते त्यामुळे अधिक धोक्याचे झाले, असे कोणी म्हणत नाही.

असेच काही येथे का होऊ नये? केंद्राने ५२ व्या कलमात तशी तरतूद करावी, आणि राज्यांच्या वाहतूक खात्यांनी तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळांना धूर, ब्रेक व इंजिन तपासण्याचा अधिकार देऊन फी घेऊन दाखला द्यावा. जो नापास होईल त्याला दंड जरूर करावा. यात सरकारचे नुकसान नाही आणि तरुणांच्या हातांना शिस्त लागेल. मोडलेली वस्तू फेकून नवी आणण्याच्या या दिवसांत जुने यंत्र समजून घेऊन सुधारू पाहणारा तरुण आम्हांस गुन्हेगार वाटत नाही. त्याला तापमापक वाचावयास शिकविणे, हे त्याच्यावर खटला भरण्यापेक्षा समाजाच्या अधिक हिताचे आहे.