भिंतीआडची विद्या

नळ गळू लागला म्हणजे नळकारागिराची आठवण होते आणि गळती थांबली की तितक्याच तत्परतेने त्याचे विस्मरणही होते. रुग्णालये, कार्यालये व उंच इमारती यांच्या भिंतींआड नळांचे जाळे विणणाऱ्या कारागिराच्या वाट्याला तर तेवढीही आठवण येत नाही. हे काम म्हणजे केवळ पान्हा फिरविण्याची अंगमेहनत, असा सुशिक्षितांचा समज आहे. तो किती उथळ आहे, हे २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसून आले.

तेथील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सच्या साथीने ३०० हून अधिक रहिवाशांना ग्रासले. मोरीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडे पाणी साचून राहते व मलवाहिनीतील दूषित हवा अडविते. तेथील अनेक ट्रॅप कोरडे पडले होते आणि त्या वाटेने विषाणू घरांत शिरले, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. ओंजळभर पाण्याचा तो पडदा टिकविणे, नळीला योग्य उतार देणे, हवेची नळी योग्य जागी काढणे ही सारी विद्याच आहे. पाण्याचा दाब दर १० मीटर उंचीमागे सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. साठ मीटर उंचीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याला सुखरूप पोहोचविण्यास हे गणितही यावे लागते.

ही विद्या मिळावी कोठून? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळकारागिराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. परंतु बांधकामातील नळांचे काम बहुधा पोटकंत्राटदाराकडे जाते. त्याची टोळी दहाबारा माणसांची. तिच्यापर्यंत ही सक्ती पोहोचतच नाही. मग ‘हेल्पर’ म्हणून आलेला मुलगा वर्षानुवर्षे पाइप वाहतो आणि उस्तादाच्या हाताकडे पाहून शिकतो. ‘कसे’ ते त्याला कळते, ‘का’ ते कळत नाही. उस्तादालाही ते कोणी सांगितलेले नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

यावर उपाय अशक्य नाही. शासन व महापालिका यांनी आपल्या बांधकामांच्या निविदांतच अशी अट घालावी, की नळकामावर ठरावीक शिकाऊ उमेदवार असतील व त्यांचे विद्यावेतन मुख्य कंत्राटदार देईल. जुन्या कारागिरांची हातची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत. खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. परंतु लादी बसलेली भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च कोणत्याही विद्यावेतनाहून थोडा नसतो.

प्रश्न केवळ कायद्याचा नाही. अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाच शाळेने ही वाट दाखवावयाची, ही रीत चालू राहिली तर अटी कागदावरच राहतील. ज्याच्या चुकीने शेकडो घरांत रोग शिरू शकतो, त्याचे शिक्षण ही उरल्यासुरल्यांची सोय नव्हे.