तिचा खाडा, माझी रजा

परवा भिशीत नेहमीचाच विषय निघाला. "हल्ली कामाच्या बायकांचे भाव फार वाढलेत बाई! महिन्यात तीन खाडे केले, मी सरळ पैसे कापले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र कालनिर्णयकडे लक्ष गेलं. दुधाच्या खाड्यांशेजारीच आमच्या मावशींचे खाडे मांडलेले!

मी नोकरी करते. मला रविवार आहे, किरकोळ रजा आहे, आजारपणाची रजा आहे. मी घरी बसले तर ती 'रजा', आणि त्या आल्या नाहीत तर 'खाडा'?

मागच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. धुणं-भांडी करणाऱ्या मावशीच त्यांचं बघू लागल्या. अंग पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. सासूबाईंच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं आणि मी ते गुपचूप घेतलं. मावशींना दिले महिन्याला पाचशे रुपये जास्त, 'वरच्या कामाचे' म्हणून. आज त्याची लाज वाटते.

पुण्यात मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. 18 ते 60 वयाच्या कामगारांना त्यात नोंदणी करता येते. त्यासाठी ती जिथे काम करते त्या घराचा दाखला लागतो, म्हणजे आपला! तो द्यायला आपण का कचरतो? आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती हवी, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 च्या ठरावात म्हटलंय. पण कायदे कितीही झाले तरी ते आपल्या मोरीपर्यंत पोचवायचे कुणी?

"आम्हाला तरी कुठे परवडतं?" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण भिशी परवडते, सणाची साडी परवडते. आणि वेगळा फुटका कप न ठेवणं, शिळं न देणं, दुखलं-खुपलं विचारणं, याला पैसे लागतच नाहीत.

या महिन्यापासून मी ठरवलंय. पगार एक तारखेला, महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आणि सासूबाईंच्या कामाचे वेगळे, रीतसर पैसे. मावशींना सांगितलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "वहिनी, सुट्टी देताय खरं, पण त्या दिवशी मी करू काय?"

"झोपा की मावशी!" मी म्हटलं.

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून दुपारची झोपलेच नाही मी."

मैत्रिणींनो, तुमच्याही कालनिर्णयवर असे खाडे असतील. बघा, यातले किती रजेत बदलता येतात ते.