रोखीला मॉल, उधारीला वाणी!

(द्वितीय वर्ष, कला)

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे. ती वाचून कुणी उधारी मागायचे थांबले, असे मात्र माझ्या पाहण्यात नाही. पाटी भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्याच खाली, गल्ल्याशेजारी, लांबट लाल वही उघडी असते. चाकण-भोसरी-पिंपरीच्या या कारखानदारी पट्ट्यात कित्येक घरांची चूल त्या वहीच्या भरवशावर पेटते. आपल्या वार्षिकांकात कविता येतात, प्रवासवर्णने येतात. या वहीवर मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हा प्रयत्न.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास होतो. कधी पंधरवडाही उलटतो. काही महिने भरले की 'ब्रेक' मिळतो, म्हणजे पुन्हा बोलावणे येईपर्यंत घरी बसायचे. पगाराला उशीर झाला म्हणून भूक काही उशिरा लागत नाही. मधले दिवस आमच्या गावातले किराणा दुकान भरून काढते. हे केवळ माझ्या घरचे रडगाणे नव्हे. वर्गातल्या अनेकांच्या घरी हाच प्रकार आहे, फक्त कुणी बोलत नाही.

उधारीबद्दल दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत असे की, उधारी म्हणजे सावकारीच, गरिबाच्या गळ्याचा फास. दुसरे मत आजच्या पिढीचे : आता मॉल आहेत, फोनवर दहा मिनिटांत सामान दारात येते, मग हे धुळकट दुकान हवेच कशाला? मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

आधी दुकान चालते कसे ते पाहू. आमच्या दुकानदार काकांचा माल दोन वाटांनी येतो. डाळ, तांदूळ, साखर, गूळ हा भुसार माल पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून. पूर्वी त्यासाठी नाना पेठ, भवानी पेठ गाठावी लागे. आता गुलटेकडीचे मार्केट यार्ड. कापड, कटलरी, बारीकसारीक माल पिंपरी कॅम्पातून. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी ही बाजारपेठ उभी केली. हा सारा व्यवहार मुदतीवर चालतो. घाऊकवाला काकांना आठ-पंधरा दिवस थांबतो, काका आम्हाला महिनाभर थांबतात. साबण-बिस्किटांच्या कंपन्यांचे विक्रेते तर 'बिल टू बिल' चालतात. मागचे बिल फेडल्याशिवाय पुढचा माल उतरत नाही. काका एकदा म्हणाले, "पोरा, वरचा थांबत नाही आणि खालच्याला थांबव म्हणता येत नाही." गावच्या दुकानदाराची सगळी कोंडी या एका वाक्यात आली.

ही कोंडी आपल्याकडचीच आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत खेड्यातला दुकानदार वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाला जाई. कापडचोपड, सुईदोरा, टोप्या असा माल सहा महिन्यांच्या, कधी वर्षाच्या मुदतीवर उचली आणि गावातल्या शेतकऱ्यांना पिकाच्या बोलीवर देई. पीक बुडाले की शेतकरी थके, शेतकरी थकला की दुकान बुडे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनने इलिनॉयमधील न्यू सेलम या गावी १८३३ साली भागीदारीत असेच दुकान उधारीवर घेतले होते. ते बुडाले, आणि ते कर्ज फेडण्यात त्याची कित्येक वर्षे गेली.

१८३७ च्या मंदीत न्यूयॉर्कच्या अनेक पेढ्या बुडाल्या. त्यानंतर रेशमी कापडाच्या व्यापारातील लुईस टॅपन याने १८४१ साली एक निराळाच धंदा काढला. गावोगावच्या दुकानदारांची पत कशी आहे, याची माहिती जमवून ती वह्यांत नोंदवायची आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना पुरवायची. ज्या दुकानदाराबद्दल हे लिहिलेले असे, त्याला मात्र ते वाचायला मिळत नसे. मित्रहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा येथेच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. भाव चढले, दख्खनमधल्या शेतकऱ्याला सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज आटले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकार जुन्या बाकीवर व्याज चढवून नवा दस्त करून घेत. शेतकरी त्यावर अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी उठाव झाला. तेथून तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दुकाने लुटली गेली हे खरे. पण लोकांना सर्वांत आधी हवे होते ते दस्त आणि वह्या, आणि ते त्यांनी जाळले. ज्याला वाचता येत नाही, त्याला वहीशी भांडायचा तेवढाच मार्ग उरला होता.

या उठावानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. त्यात एक साधी तरतूद होती. शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा आणि आपला हिशेब वेळोवेळी स्वतःच्या पासबुकात उतरवून घेण्याचा हक्क देण्यात आला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच कुणाला तरी उमजले होते की, दोष उधारी असण्यात नाही. वही एकाच्याच हातात असण्यात आहे.

या कसोटीवर आजची उधारी लावून पाहू. काकांच्या वहीला व्याज नाही. पण सुटी डाळ खात्यावर घेतली तर किलोमागे दोन-चार रुपये जास्त पडतात. हे उघडपणे कुणी बोलत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक आहे. आई हिशेब लक्षात ठेवते, आणि महिनाअखेरी काका सांगतील ती बाकी खरी मानली जाते. काका प्रामाणिक आहेत. पण गरिबाचा हिशेब कुणाच्या तरी प्रामाणिकपणावर सोडावा, हे मला पटत नाही.

आणि नव्या युगाची उधारी? फोनवर 'आत्ता घ्या, नंतर द्या' अशी सोय आली आहे. एक बोट टेकवले की कर्ज. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. हप्ता चुकला की दंड, आणि मग वसुलीवाल्यांचे फोन. तक्रारी इतक्या वाढल्या की रिझर्व्ह बँकेला २०२२ साली अशा कर्जांसाठी नियम काढावे लागले. येथेही पुन्हा तेच : वही दुसऱ्याच्या हातात, आणि आपण न वाचता उठवलेला अंगठा! फरक इतकाच की, काकांशी भांडता येते. फोनमधल्या वहीला तोंड नाही.

आपण तरुण मंडळीही यात काही निर्दोष नाही. पगार झाला की रोख घेऊन मॉलमध्ये जायचे आणि महिनाअखेरी खिसा रिकामा झाला की मीठ-मिरचीला वाण्याच्या दारात उभे राहायचे, ही आपली रीत होत चालली आहे. ज्याच्याकडे रोख जाते तो उधार देत नाही, आणि जो उधार देतो त्याच्याकडे रोख येत नाही. असे दुकान किती दिवस तगेल? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कारखाने बंद पडले. तेव्हा आमच्या वस्तीला तेल-पीठ कुणी दिले? ज्या वहीला आपण जुनाट म्हणतो, त्याच वहीने दिले. तेव्हाची काही खाती अजून मिटलेली नाहीत.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. दुकानदाराला जगवायचे असेल, तर रोखीतला काही वाटा त्याच्याकडेही गेला पाहिजे. आणि दुकानदारानेही प्रत्येक खातेदाराला छोटी वही द्यावी, माल देतानाच त्यात भाव आणि रक्कम लिहावी, उधारीचा भाव वेगळा असेल तर तोही उघड लिहावा. १८७९ सालच्या कायद्याने जे दिले, ते आज आपण कायद्यावाचून देऊ-घेऊ शकतो.

यात आपले काम काय? आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले शिकलेले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. पण एक दिवस शिबिराच्या गावात बसून घरोघरीच्या उधारीचे हिशेब लिहून द्यावेत, फोनवरच्या कर्जाच्या अटी मराठीत वाचून दाखवाव्यात. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर हे यंदाच्या शिबिरातही होऊ शकेल. इतिहासाच्या पेपरात दख्खनच्या उठावाची कारणे आपण दहा गुणांसाठी लिहितो. त्या उठावातल्या माणसांकडे जे नव्हते ते अक्षर आज आपल्याकडे आहे. त्याचा पहिला उपयोग घरच्या वहीवर व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.