मोटर थरथरते, पण फिरत नाही

लाकडावर नक्षी कोरणारे संगणकाच्या आज्ञेवरचे यंत्र आता केवळ कारखान्यापुरते राहिलेले नाही. सीएनसी राउटर नावाचे हे यंत्र टेबलावर मावते. दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, लग्नातल्या भेटवस्तू करून अनेक घरे त्यावर चार पैसे मिळवू लागली आहेत. मात्र ऐन दिवाळीच्या तोंडावर, ऑर्डरी अंगावर असताना, त्याची एक बाजू चालेनाशी झाली की सगळे घर हवालदिल होते. पती म्हणतात, "बोर्ड गेला." शेजारचा मुलगा म्हणतो, "सॉफ्टवेअर बिघडले." दुकानदार तर सगळेच बदलायला सांगून मोकळा होतो. खिशाला चाट बसण्यापूर्वी अर्धा तास स्वतः तपासणी करा. एक मल्टिमीटर, एक अ‍ॅलन की आणि थोडा धीर एवढे पुरे.

डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली अशा तिन्ही दिशांना स्टेपर मोटरी असतात. ही मोटर पंख्याच्या मोटरसारखी सलग फिरत नाही, पाऊल टाकत फिरते. सर्वसाधारणपणे एका फेरीत २०० पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे. आत दोन कॉइल असतात आणि ड्रायव्हर नावाचा भाग त्यांत आळीपाळीने वीज सोडतो. एका कॉइलची वीज तुटली की पुढे जायचे की मागे हेच मोटरला कळत नाही. ती जागच्या जागी थरथरते, गुणगुणते, कधी उलटही फिरते. गंमत म्हणजे घरगुती यंत्रांत बहुधा मोटर खरोखर फिरली की नाही हे संगणकाला समजत नाही. पडद्यावरचे आकडे शहाण्यासारखे सरकत राहतात आणि इकडे पाटीवर 'कुलकर्णी'मधला 'ल' 'कु'वर चढून बसतो!

आधी वीज बंद करून ती बाजू हाताने अगदी सावकाश सरकवून पाहा. (जोरात सरकवल्यास मोटरच वीज निर्माण करते व ती ड्रायव्हरमध्ये शिरते.) अडकत असेल तर भुसा साचला आहे, साफ करा. मोटर फिरते पण बाजू सरकत नाही, असे असेल तर तिच्या दांड्यावरच्या जोडणीचा बारीक स्क्रू ढिला झालेला असतो. दांडा व जोडणी यांवर पेनाने एक सरळ रेघ ओढा. यंत्र चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर दोष सापडला.

मोटर की ड्रायव्हर?

याचा निवाडा अदलाबदलीने होतो. यंत्र बंद करा, दिवे पूर्ण विझू द्या, कोणत्या रंगाची तार कुठे आहे याचा फोटो काढून ठेवा. मग बिघडलेल्या मोटरची तार चांगल्या ड्रायव्हरला आणि चांगल्या मोटरची तार संशयित ड्रायव्हरला जोडा. दोन्ही मोटरी एकसारख्या असतील तरच हे करावे. कोरण्याचे हत्यार वर उचलून, ते न फिरवता, थोडेसेच अंतर हळू चालवून पाहा. तीच मोटर पुन्हा थरथरली तर दोष मोटरमध्ये वा तिच्या तारेत. आता दुसरी मोटर थरथरू लागली तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा त्याच्या मागे. वीज चालू असताना मात्र मोटरची तार कधीही उपसू नका. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला की क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि चांगला ड्रायव्हरही जळतो.

मोटरवर संशय असेल तर यंत्र बंद करून, मोटर ड्रायव्हरपासून सोडवून मल्टिमीटर लावा. चार तारांच्या दोन जोड्या. प्रत्येक जोडीत काही ओहम, दोन्हींत जवळपास सारखेच. दोन जोड्यांमध्ये किंवा तार आणि मोटरचे अंग यांमध्ये जोड मुळीच दिसता कामा नये. तारेच्या टोकाशी एक जोडी तुटलेली दाखवते पण मोटरपाशी ठीक दाखवते, तर दोषी तारच. सतत वाकून आतले तांबे तुटते, वरचे आवरण शाबूत राहते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मला तरी पहिला संशय नेहमी तारेवरच घ्यावासा वाटतो. मीटर लावलेला ठेवून तार हलवत राहा. आकडा मधूनच गायब झाला की बिघाडाची जागा समजते. मीटर नसेल तर सोडवलेल्या मोटरच्या एका जोडीच्या तारा एकमेकींना चिकटवून दांडा बोटांनी फिरवा. तो जड लागला पाहिजे. हलकाच राहिला तर ती कॉइल तुटली आहे.

मोटर गरम लागते म्हणून ती बिघडली असे समजू नये. थांबलेली असतानाही तिच्यात वीज वाहत असते. ती खोलून दांडा बाहेर काढण्याचा मोह मात्र आवरा, आतल्या चुंबकाची शक्ती त्याने घटते. वीज पुरवणारी पेटीही घरी उघडू नये.

ड्रायव्हर सुटा असेल तर तेवढाच बदला, बोर्डावर डाख देऊन बसवलेला असेल तर बोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही. नवा ड्रायव्हर बसवताना मोटरवर छापलेला अँपिअरचा आकडा पाहून त्याहून जास्त प्रवाह ठेवू नका, आणि पहिली पाटी टाकाऊ प्लायवूडवर कोरून बघा.