मातीचा सुगंध आणि मातीचें कर्ज

शेतकऱ्याच्या घरचें पुस्तक हातीं आलें कीं आमचे परीक्षक पंडित ‘मातीचा सुगंध आहे’ म्हणतात आणि दुसरें पुस्तक उघडतात. वाचकहो, ज्याला पेरणीच्या तोंडावर बियाण्याची उधारी मागावी लागते, त्याला मातीचा नुसता सुगंधच येतो काय?

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ सालीं निघाली व २००४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घर विदर्भांतल्या कोरडवाहू शेतकऱ्याचें. मुलगा एकनाथ शिकून पदवीधर झाला. पण मास्तरकीची जागा हवी तर संस्थाचालकाच्या हातावर मोठी रक्कम ठेवावी लागते. ती कोठून आणावी? शेत विकावें तर बाप तुटतो, न विकावें तर बायको दुरावते. मुलगा शिकला म्हणजे घर सावकाराच्या पाशांतून सुटेल, ही आपल्या घरोघरची आशा. येथें शिकलेल्या मुलाच्याच वाटेंत नवा सावकार बसला आहे. आणि असा संस्थाचालक पुष्कळदां आपल्याच भाऊबंदांपैकीं असतो, हें आम्हांस शरमेनें कबूल केलें पाहिजे. कांहीं ठिकाणीं पुस्तकांत पाल्हाळ आहे खरा. पण माणसें वऱ्हाडी बोलींत बोलूं लागलीं कीं तो खटकत नाहीं.

कवितेविषयीं थोडक्यांत. बहिणाबाई चौधरींना लिहितां येत नव्हतें. त्यांच्या कविता १९५२ सालीं, त्यांच्या पश्चात्, पुस्तकरूपानें आल्या. ज्या घरांत अजून ओव्या येणारी म्हातारी आहे, त्यांनीं वही-लेखणी घेऊन तिच्याजवळ बसावें. पंडितांची वाट पाहूं नये.

आतां चित्रें. वारल्यांच्या लग्नांत सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतर ही कला कागदावर व कापडावर आणली, ती परदेशांत पोहोंचविली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. आज तींच माणसें, तोच तारपा, चहाच्या पेल्यांवर आणि साड्यांवर छापून विकतात. भिंत लिहिणाऱ्या बायकांना त्यांतून काय मिळतें, हें विचारणारा परीक्षक आम्हीं तरी क्वचितच पाहिला.

‘बारोमास’ गांवच्या वाचनालयांत नसेल तर वर्गणी काढून आणवावी. एकानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें. आणि गांवांत शिक्षणसंस्था चालविणारे कोणी असतील, तर त्यांनाही ऐकावयास बोलवावें.