उक्त्या कामाचा नवा मजूर

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील श्रमिकांचा विचार करू लागलो की आपल्या चळवळीच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक माणसे उभी राहतात. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड कापणारा मजूर, डाळ मिलमधील हमाल, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार, धुळ्याचा यंत्रमागावरील विणकर. ही सारी माणसे आपली आहेत आणि त्यांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच शहरांतून श्रमिकांचा आणखी एक थर निर्माण झाला आहे. घरातील एका खोलीत किंवा भाड्याच्या गाळ्यात तो संगणकापुढे बसलेला असतो, आणि दुकाने, दवाखाने, खासगी शिकवण्या, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे, विवाह कार्यालये यांच्या वेबसाइट तयार करून देतो. त्याला मस्टर नाही, पगारपत्रक नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. लोक त्याला फ्रीलान्सर म्हणतात. तोही काहीशा अभिमानाने स्वतःला तेच म्हणवतो. आपले कार्यकर्ते मात्र त्याला ‘सुखवस्तू मध्यमवर्ग’ या खात्यात टाकून पुढे जातात. हे खाते एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हा तरुण आला कोठून? १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले; २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करीत आहे. त्याच्या आगेमागे दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि संगणकाचे वर्ग निघाले. पदव्या वाढल्या, पण त्या पदव्यांना काम देणारे उद्योग खानदेशात वाढले नाहीत. म्हणून रोज रात्री जळगाव-धुळ्याहून पुण्याकडे भरभरून गाड्या जातात. जे गेले नाहीत, किंवा पुण्याचे घरभाडे न परवडल्यामुळे, आईवडिलांच्या आजारपणामुळे, दोन-चार एकर शेतीमुळे परत आले, त्यांच्यापैकी अनेकांनी हा मार्ग पत्करला. हा मार्ग त्यांनी स्वेच्छेने निवडला असे म्हणणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

आता या ‘स्वतंत्र’ व्यवसायाचा हिशेब मांडू. समजा, एका दुकानाच्या वेबसाइटचे १०,००० रुपये ठरले. त्यांतून नावाची नोंदणी आणि सर्व्हरवरील जागा यांचे वर्षाचे ३,५०० रुपये त्यानेच भरले. हाती उरले ६,५००. मालाची छायाचित्रे ग्राहक आठ दिवस उशिरा मोबाइलवर पाठवतो. मजकूर तर पाठवतच नाही, तोही यानेच लिहायचा. मग रंग बदला, चित्र वर घ्या, भावजींना दाखवले तर त्यांना आवडले नाही, आता एवढे शेवटचेच करा, अशा फेऱ्या सुरू होतात. या साऱ्यांत आठ तासांचे २५ दिवस गेले, तर दिवसाला २६० रुपये पडतात. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आणि ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणून ठेवलेला ४,००० रुपयांचा शेवटचा हप्ता बुडाला, तर हीच मजुरी दिवसाला १०० रुपयांवर येते. हा आकडा उदाहरणादाखल घेतलेला आहे; पण या व्यवसायातील कोणाही तरुणापुढे तो मांडावा आणि त्याचा स्वतःचा आकडा विचारावा. काम किती तासांचे आहे हे त्याने आजवर मोजलेलेच नसते, हे प्रथम ध्यानात येईल.

खानदेशाला हा प्रकार नवा नाही. याला आपल्याकडे उक्ते काम म्हणतात. वेळ मोजायचा नाही, नगावर पैसे. हत्यार मजुराचे, जागा मजुराची, नुकसान मजुराचे. सालदाराची बोलीसुद्धा साल सुरू होण्यापूर्वी ठरते; इथे काम संपत आले तरी बोली पक्की होत नाही. ज्याच्या अंगावर धंद्याची सारी जोखीम आहे पण भाव ठरविण्याची शक्ती नाही, त्याला ‘मालक’ म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या सवयीने आपण लगेच समोरच्या दुकानदाराला शोषक ठरवू. तो दुकानदारही लहानच आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन विक्रीने त्याचे गिऱ्हाईक ओढून नेले आहे, आणि वेबसाइट हा त्याचा बुडत्याचा आधार आहे. एक लहान माणूस दुसऱ्या लहान माणसाची मजुरी अडवतो, कारण त्याचीही उधारी कोठेतरी अडकलेली असते. या दोघांच्या ओढाताणीत ज्याला तोशीस लागत नाही असा तिसरा मात्र दूर बसलेला आहे. सर्व्हरचे भाडे आगाऊ वसूल होते, नावाच्या नोंदणीचे पैसे आगाऊ भरावे लागतात, जाहिरातीचे पैसे आगाऊ कापले जातात. या साखळीत उधारीवर राहतो तो फक्त श्रम.

परदेशी काम मिळवून देणाऱ्या मंचांचीही हीच रीत आहे. फायव्हरसारखा मंच काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापून घेतो; शंभर डॉलरचे काम केले की वीस डॉलर तेथेच राहतात. आपल्या शेतकऱ्याने अडतीविरुद्ध किती वर्षे आवाज उठवला हे खानदेशाला सांगावयास नको. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाला निर्णय करावा लागला, की फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घेऊ नये, खरेदीदाराकडून घ्यावी. जी अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढली, तिच्याहून कितीतरी जबर अडत शेतकऱ्याचाच मुलगा आज संगणकावर भरतो आहे, आणि तिच्याविरुद्ध एक मोर्चादेखील निघालेला नाही.

‘हल्ली वेबसाइट फुकट होते, यंत्रच करून देते, मग यांना पैसे कशाला द्यायचे?’ असा एक युक्तिवाद बाजारात ऐकू येतो. त्याचे उत्तर अनुभवानेच दिले आहे. गूगलने लहान व्यावसायिकांना फुकट वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या कंपनीने त्या बंद करून टाकल्या. फुकट मिळालेल्या जागेवर आपला हक्क नसतो हे ज्यांनी त्यांच्यावर विसंबून धंदा मांडला त्यांना तेव्हा कळले. गावातील माणसाने केलेले काम बिघडले तर त्याला दारात जाऊन विचारता येते. गिऱ्हाइकाला कळेल अशा मराठीत मजकूर कसा मांडावा, हेही तो जाणतो. या श्रमाला समाजोपयोगी मूल्य आहे, आणि म्हणून त्याला रास्त दामही असले पाहिजेत.

समाजवादी कार्यकर्त्याने विशेष मनन करावे अशी गोष्ट पुढे आहे. या व्यवसायाचे मुख्य हत्यार कोणा भांडवलदाराच्या मालकीचे नाही. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणाली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली आहे, आणि जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालतात. ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, पुढे वाटावी. उत्पादनाचे साधन सामाजिक मालकीचे व्हावे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी. येथे ते बऱ्याच अंशी तसे आहेच. तरी श्रमिक दुबळा का? कारण तो एकटा आहे. शेजारच्या गल्लीतील दुसरा तरुण दहाचे काम सहात करतो, तिसरा चारात. साधन सामाईक झाले तरी श्रम विखुरलेला राहिला, तर लाभ दुसराच कोणी नेतो, हा धडा यातून घ्यावयाचा आहे.

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. पण त्याची माहिती या तरुणाला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म सेवा-उद्योगाचे पैसे, लेखी करारात मुदत असल्यास त्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते, आणि तिच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. मात्र ती काम घेण्यापूर्वी झालेली असावी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर हे शस्त्र उगारावे असे आम्ही म्हणणार नाही. तेथे इसार आणि चार ओळींचा कागद पुरतो. परंतु शिक्षणसंस्था, बांधकाम व्यावसायिक आणि पुण्या-मुंबईहून काम घेऊन ते खानदेशातील मुलांकडून अर्ध्या दामात करवून घेणाऱ्या एजन्सी यांच्याविरुद्ध ते निःसंकोच वापरले पाहिजे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे संगणकाचा कार्यक्रम हीसुद्धा साहित्यकृती आहे, आणि नोकरीत नसलेल्या माणसाने ती रचली तर लेखी हस्तांतर होईपर्यंत सामान्यतः तिचा पहिला मालक तोच असतो. पैसे थकवून काम पचविणाऱ्या बड्या ग्राहकाला याची जाणीव करून द्यावी.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत मात्र कायदा तोकडा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्यांची व्याख्या केली, हे स्वागतार्ह आहे. पण त्यांच्यासाठी मंचचालक कंपन्यांनी द्यावयाची रक्कम वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के आहे, आणि तीही श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. जो तरुण कोणत्याही मंचावर नाही, ओळखीपाळखीने गावातीलच काम करतो, त्याच्या नावाने पैसा भरणारा या योजनेत कोणीच नाही. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत असे तरुण पावलोपावली भेटतात.

एक मालक नसलेल्या श्रमिकाचे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वी सोडवला आहे. हमालालाही एक मालक नव्हता. बाबा आढावांनी १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. जो जो काम करवून घेईल त्याने मजुरीबरोबर मंडळाकडे लेव्ही भरावी, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार पाहावा, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. बाजार समितीला फाटक असते, तसे संगणकाच्या कामाला नाही, ही अडचण खरी आहे. पण पैशाच्या देवघेवीला फाटक आहे. राजस्थानने २०२३ साली प्रत्येक व्यवहारावर कल्याण-शुल्क घेण्याचा कायदा करून ते दाखवून दिले. सरकारी कचेऱ्या, नगरपालिका, महाविद्यालये आणि सहकारी संस्था यांनी बाहेरून करवून घेतलेल्या संगणकीय कामाच्या प्रत्येक देयकावर लेव्ही बसविण्यापासून महाराष्ट्राला प्रारंभ करता येईल. ही मागणी आपण केली पाहिजे.

दुसरा मार्ग सहकाराचा. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या असंख्य कुटुंबांच्या जखमा अजून भरलेल्या नाहीत. म्हणून ‘सहकार’ म्हणताच येथील माणूस दचकतो, हे आम्ही जाणतो. पण ठेवींवर चालणारी संस्था आणि सभासदांच्या श्रमावर चालणारी संस्था यांत फरक आहे. केरळमध्ये १९२५ साली मजुरांनी स्थापन केलेली उरालुंगल सहकारी संस्था रस्ते आणि पूल बांधत वाढली. आज तिचा स्वतःचा संगणक-उद्योग आहे आणि कोझिकोडे येथे सायबर पार्क आहे. आपल्याकडे सुशिक्षित बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्था काढण्याची सोय आहेच. दहा-पंधरा तरुणांनी एकत्र येऊन दरांचा एक किमान तक्ता ठरविला, कराराचा एकच छापील नमुना वापरला, आजारी पडलेल्याचे काम दुसऱ्याने उचलले, तर त्यांची अवस्था वर्षभरात पालटू लागेल.

या तरुणांनाही आमचे एक सांगणे आहे. ग्राहकाच्या दुकानाचे नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवून ठेवायचे आणि वाद झाला की किल्ली अडवून धरायची, ही चाल संघटनेला घातक आहे. नाव ग्राहकाच्या खात्यावर असावे, किल्ल्या त्याच्या स्वाधीन कराव्यात, आणि आपला दाम कागदावर व संघटनेच्या बळावर वसूल करावा. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असले म्हणजे लहान दुकानदारही त्याच्या बाजूने उभा राहतो.

तेव्हा जळगाव आणि धुळ्याच्या साथींनी तीन कामे हाती घ्यावीत. गोलाणी मार्केटपासून पाचकंदीलपर्यंत, आणि तालुक्यांच्या गावांतही, हे काम करणाऱ्या तरुण-तरुणींची नावनिशीवार यादी करावी; घरात बसून काम करणाऱ्या मुली त्या यादीतून निसटू देऊ नयेत. दर महिन्याला एक संध्याकाळ ‘उद्यम’ नोंदणी, कराराचा नमुना आणि थकलेल्या देयकांची दाद यांसाठी द्यावी. आणि लेव्हीच्या मागणीचे निवेदन घेऊन दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना हमाल, विणकर आणि हे संगणकावरचे मजूर एकाच रांगेत असावेत. आपल्या कचेऱ्यांनीही वेबसाइट फुकटात करून मागण्याची प्रथा आजपासून बंद करावी. ज्याच्या श्रमाचे दाम आपण स्वतः देत नाही, त्याची संघटना बांधण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.